तेलविहिरीचा शेवट : मुंबई हाय, ताप्ती आणि 'बुजविणे' हा शब्द

विहीर कोणी खणविली, तिला पाणी किती हातांवर लागले, तिच्यावर मोट कितींची होती, ही माहिती आपल्याकडील शिलालेखांत, महजरांत आणि जुन्या गॅझेटियरांत विखुरलेली सापडते. तीच विहीर पुढे कोणी बुजविली व का बुजविली, याची नोंद मात्र क्वचितच आढळते. आरंभाला साक्षीदार पुष्कळ मिळतात. शेवटाला मिळत नाहीत. प्रस्तुत लेखात अरबी समुद्रातील खनिज तेलाच्या व नैसर्गिक वायूच्या विहिरी, त्यांच्यावर उभारलेले पोलादी मंच आणि त्यांना जोडणाऱ्या नळवाहिन्या यांचा उपयोग संपल्यावर पुढे काय करावयाचे, या विचाराचा इतिहास पाहावयाचा आहे. लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक आहे, अभियंता नव्हे, हे आरंभीच सांगितलेले बरे. तथापि या इतिहासात शब्दांनी इतके काम केले आहे, आणि काही ठिकाणी इतके बिघडविलेही आहे, की भाषेच्या विद्यार्थ्याने त्यात डोकावणे अगदीच अनाठायी ठरू नये.

समुद्रापासून घाटाआड, पर्जन्यछायेत वसलेल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात बसून हा विषय का हाताळावा, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर या जिल्ह्याच्या शेताशेतांतून जमिनीत गेलेले आहे. पारनेर, कर्जत, जामखेड या तालुक्यांत बेसाल्टच्या खडकात किती बोअर घेतले गेले व त्यांतील किती कोरडे निघाले, हे गावोगावचे लोक बोटांवर मोजून सांगतात. कोरडा निघालेला किंवा आटलेला बोअर म्हणजे 'बंद बोअर'. या शब्दप्रयोगाकडे बारकाईने पाहिले पाहिजे. येथे 'बंद' या विशेषणाचा अर्थ पंप बंद, वापर बंद, एवढाच होतो. तोंड बंद असा होत नाही. 13 मार्च 2023 रोजी कर्जत तालुक्यातील कोपर्डी येथे ऊसतोडणीसाठी आलेल्या मजूर कुटुंबातील पाच वर्षांचा मुलगा शेतातील अशा उघड्या बोअरमध्ये पडून दगावला. अशा दुर्घटना देशभर घडत होत्या म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये बोअरविषयी सविस्तर निर्देश दिले होते : काम चालू असता भोवती कुंपण व फलक असावा, नळीभोवती सिमेंटचा कट्टा असावा, तोंडावर पोलादी झाकण पक्के बसवावे, आणि सोडून दिलेला बोअर तळापासून जमिनीच्या पातळीपर्यंत माती, वाळू, दगडगोटे यांनी भरून काढावा. निर्देश स्पष्ट होते. कोपर्डीची घटना त्यानंतर तेरा वर्षांनी घडली. वापर थांबणे आणि विहीर संपणे या दोन भिन्न क्रिया आहेत, हे कायद्याने ओळखले होते. व्यवहाराच्या भाषेने ओळखले नव्हते.

वस्तुतः मराठीत या दुसऱ्या क्रियेसाठी उत्तम क्रियापद आहे. 'बुजणे' म्हणजे भरून येणे, खड्डा वा छिद्र मिटणे. त्याचे प्रयोजक रूप 'बुजविणे'. (जनावर बुजते ते बुजणे निराळे, त्याचा येथे संबंध नाही, जरी काही कंपन्यांचे हिशेबनीस बुजविण्याचा खर्च ऐकून बुजतात असे म्हणण्याचा मोह होतो.) विहीर 'सोडली' आणि विहीर 'बुजविली' यांत गावातील कोणताही माणूस गल्लत करणार नाही. माझ्या आजोळी जुनी विहीर बुजविण्यापूर्वी काठावर आसरांना नैवेद्य दाखविल्याचे मी लहानपणी पाहिले आहे. नैवेद्यामागील श्रद्धेची चर्चा येथे प्रस्तुत नाही. त्या विधीमुळे चार माणसे जमत, विहीर कोठे होती हे त्यांना ठाऊक होई, आणि पुढे तेथे घर बांधणाऱ्याला कोणीतरी सावध करी, एवढेच नोंदवावयाचे आहे. समुद्रात हे काम नकाशे आणि दप्तर यांनी करावयाचे असते.

आता मुंबई हायकडे वळू. तेल व नैसर्गिक वायू आयोगाची स्थापना 1956 मध्ये झाली. खंबायत व अंकलेश्वर येथील यशानंतर आयोगाची नजर समुद्राकडे गेली. 1970 मध्ये खंबायतच्या आखातात अलियाबेट येथे समुद्रातील पहिली विहीर खोदण्यास आरंभ झाला. जपानमध्ये बांधलेले 'सागर सम्राट' हे खोदकामाचे तरते यंत्रघर 1973 मध्ये आले आणि फेब्रुवारी 1974 मध्ये मुंबईच्या पश्चिमेस सुमारे 160 किलोमीटरांवर तेल लागले. 'हाय' या शब्दाने त्या काळी मराठी वाचकांची थोडी करमणूक केली असावी. भूशास्त्रज्ञांच्या बोलीत भूगर्भातील थरांचा उंच उचललेला भाग म्हणजे 'हाय'. तेल तेथील मायोसीन काळच्या चुनखडकात साठलेले होते.

काळ कोणता होता हे विसरून चालणार नाही. ऑक्टोबर 1973 च्या युद्धानंतर तेलाच्या किमती काही महिन्यांत जवळजवळ चौपट झाल्या होत्या. परकीय चलनाची ओढाताण होती. अशा वेळी सापडलेले तेल शक्य तितक्या लवकर वर काढणे, हाच सर्वांचा ध्यास होता व तो योग्यही होता. शोधानंतर सव्वादोन वर्षांच्या आत, 21 मे 1976 रोजी, उत्पादन सुरू झाले. नळवाहिनी अजून तयार नव्हती. तेल समुद्रातच 'जवाहरलाल नेहरू' या टँकर जहाजात साठविले जाई. उरणपर्यंतची वाहिनी 1978 मध्ये झाली. या सर्व वेगात एक तपशील लक्षणीय आहे. मुंबई हाय हे बारा सागरी मैलांच्या प्रादेशिक समुद्राच्या बरेच बाहेर, खंडान्त मंचावर आहे. आणि त्या मंचावरील भारताच्या अधिकारांची मांडणी करणारा सागरी क्षेत्रांचा कायदा ऑगस्ट 1976 मध्ये संमत झाला, म्हणजे तेल येऊ लागल्यानंतर तीन महिन्यांनी. आरंभाचाच कायदा जेथे मागून आला, तेथे शेवटाच्या कायद्याची अपेक्षा कोणी करावी?

परंतु जगात तो विचार तेव्हा अज्ञात होता असे मात्र नाही. खंडान्त मंचाविषयी जिनीव्हा येथे 1958 मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात, वापरातून गेलेली किंवा सोडून दिलेली समुद्रातील बांधकामे संपूर्णपणे काढून टाकली पाहिजेत, असे निःसंदिग्ध कलम होते. त्या वेळी समुद्रातील बहुतेक बांधकामे उथळ पाण्यातील व लहान असल्याने हे कलम लिहिणाऱ्यांना फारसे जड गेले नसावे. पुढे उत्तर समुद्रात शेकडो फूट उंचीचे मंच उभे राहिले आणि 1982 च्या सागरी कायद्याच्या संहितेत भाषा मऊ झाली : नौकानयनाच्या सुरक्षिततेसाठी, सर्वमान्य आंतरराष्ट्रीय मानके ध्यानी घेऊन, मासेमारी व सागरी पर्यावरण यांचा विचार करून बांधकामे काढावीत, जे पूर्ण काढले जाणार नाही त्याची खोली, जागा व आकार जाहीर करावा. 'संपूर्ण' हे क्रियाविशेषण चोवीस वर्षांत गळून पडले. एका शब्दाच्या गळण्याने कोणाचे किती कोटी वाचले असतील, याचा हिशेब भाषाशास्त्राच्या आवाक्याबाहेरचा आहे.

काढून टाकणे म्हणजे नेमके काय, हे येथे थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे. कारण या कामाची अडचण समजल्याशिवाय त्याच्या नियोजनाचा इतिहासही समजत नाही. समुद्रातील विहीर ही समुद्रतळाखाली कित्येक शे मीटर, बहुधा हजाराहून अधिक मीटर गेलेली, एकात एक बसविलेल्या पोलादी नळ्यांची रचना असते. तेल संपले तरी खालच्या थरांतील दाब संपतोच असे नाही. म्हणून प्रथम आतील उत्पादननळी काढतात. मग तेलाच्या थरासमोर व त्याच्या वर, निरनिराळ्या खोलींवर सिमेंटचे बूच भरतात आणि प्रत्येक बूच दाबाने पारखून घेतात. शेवटी बाहेरील नळ्या समुद्रतळाच्या काही मीटर खाली कापून वर ओढतात, म्हणजे मासेमारीच्या जाळ्याला अडखळण्यासारखे काही उरत नाही. नगरच्या बोअरला तळापासून वरपर्यंत माती व दगड भरावयाचे असतात. समुद्रातील विहिरीला ठिकठिकाणी बुचे मारावयाची असतात. तत्त्व एकच.

त्यानंतर मंच. वरची यंत्रसामग्री धुऊन, त्यातील तेल व विषारी अवशेष काढून, तुकड्यांनी किंवा एकदम अजस्र यारीच्या जहाजाने उचलावयाची. खालचा पोलादी सांगाडा ज्या खांबांनी तळात रोवलेला असतो ते खांब आतून, तळाखाली कापावयाचे, आणि सांगाडा पडावावर घालून किनाऱ्यास आणावयाचा. नळवाहिन्यांतून आधी 'पिग' नावाचा दट्ट्या ढकलून त्या स्वच्छ करतात, पाण्याने धुतात. मग काही काढतात, काही गाडलेल्या स्थितीत तोंडे बंद करून ठेवतात. हे सारे अरबी समुद्रात ऑक्टोबर ते मे याच काळात शक्य; पावसाळ्याचे चार महिने यारीचे जहाज तेथे उभे राहू शकत नाही, आणि असे जहाज भाड्याने मिळणे हेच मुळी दुर्मिळ असते. आणखी एक अडचण इतिहासाच्या विद्यार्थ्याला परिचित वाटेल. सांगाड्याचे मूळ वजन कागदावर असते. पण तीस-चाळीस वर्षांत त्यावर शिंपले व शेवाळ यांचा थर चढतो, दुरुस्त्या होतात, भाग जोडले जातात, पोलाद झिजते. मूळ आराखडा व प्रत्यक्ष वस्तू यांत अंतर पडते. दुरुस्तीची नोंद ज्याने ठेवली नाही त्याने तीस वर्षांनंतरच्या यारीवाल्याला अंधारात उभे केलेले असते. दप्तर सांभाळणे हा उपचार नसून अशा ठिकाणी माणसांच्या जिवाचा प्रश्न होतो.

नियोजनाविना येणारा शेवट कसा असतो, हे मुंबई हायने दोनदा पाहिले. 1982 मध्ये 'सागर विकास' या यंत्रघरावर विहीर उसळून आग लागली व ती आटोक्यात आणण्यासाठी परदेशातील तज्ज्ञांना पाचारण करावे लागले. 27 जुलै 2005 रोजी, म्हणजे मुंबईतील त्या सुप्रसिद्ध प्रलयाच्या दुसऱ्याच दिवशी, 'समुद्र सुरक्षा' हे साहाय्यक जहाज मुंबई हाय उत्तर मंचावर आदळले, वायूच्या नळीस इजा होऊन आग भडकली, आणि सुमारे दोन तासांत मंच नाहीसा झाला. 22 माणसे दगावली. साडेतीनशेहून अधिक वाचविण्यात आली. जहाजही पुढे बुडाले. जो मंच काढावयास सावकाश नियोजन करून कित्येक महिने लागले असते, तो एका दुपारी गेला.

आता शब्दांकडे. इंग्रजी तेलव्यवसायात या कामाला दीर्घकाळ 'ॲबन्डनमेंट' म्हणत. विहिरीच्या बाबतीत अजूनही म्हणतात. सामान्य इंग्रजीत त्याचा अर्थ टाकून जाणे. व्यवसायाच्या बोलीत अर्थ नेमका उलट, म्हणजे शास्त्रशुद्ध रीतीने कायमची बुजविणे. परिभाषेचा अर्थ सामान्य अर्थापासून दूर जाणे हे नित्याचेच आहे. पण येथे तो विरुद्ध दिशेला गेला, आणि बाहेरच्या लोकांनी साहजिकच सामान्य अर्थ धरला. याचा स्फोट 1995 मध्ये झाला. 'ब्रेंट स्पार' हे उत्तर समुद्रातील तेल साठविण्याचे उभे तरते टाके 1976 सालचे, म्हणजे मुंबई हायच्या उत्पादनाचे समवयस्क. 1991 मध्ये ते वापरातून गेले आणि मालक कंपनी शेल हिने ते अटलांटिकच्या खोल पाण्यात बुडविण्याची ब्रिटिश सरकारची परवानगी मिळविली. एप्रिल 1995 मध्ये ग्रीनपीसचे कार्यकर्ते त्यावर चढले. युरोपात कंपनीच्या पेट्रोलवर बहिष्कार पडला. जूनमध्ये कंपनीने बेत सोडला. टाक्यात उरलेल्या तेलाचा ग्रीनपीसने दिलेला आकडा फार फुगलेला होता व संस्थेने त्याबद्दल पुढे क्षमा मागितली, हेही नमूद केले पाहिजे. टाके अखेर कापून नॉर्वेतील मेकयार्विक येथे धक्क्याच्या पायात घालण्यात आले. 1998 मध्ये ईशान्य अटलांटिकच्या देशांनी जुनी बांधकामे समुद्रात टाकण्यास किंवा सोडण्यास, मोजके अपवाद वगळता, बंदी केली. याच सुमारास व्यवसायाच्या कागदपत्रांत 'ॲबन्डनमेंट' मागे पडून 'डीकमिशनिंग' पुढे आला.

हा नवा शब्द नौदलातून आलेला. युद्धनौकेची सेवा समाप्त करणे हा त्याचा मूळ अर्थ, आणि म्हणूनच तो आपल्या कामाचा नाही असे माझे मत आहे. 'विक्रांत' ही विमानवाहू नौका 31 जानेवारी 1997 रोजी सेवेतून निवृत्त झाली. मराठी वृत्तपत्रांनी 'निवृत्त' हाच शब्द वापरला व तो बरोबर होता. परंतु ती प्रत्यक्षात मोडली गेली 2014 मध्ये, मुंबईच्या दारूखान्यात लिलावानंतर. निवृत्ती व मोड यांत सतरा वर्षे गेली. मधल्या काळात ती संग्रहालय म्हणून उभी होती. तेव्हा 'निवृत्ती' या शब्दाने स्थिती बदलते, वस्तू हलत नाही. निवृत्त मंच समुद्रात उभाच असू शकतो, जसा निवृत्त बोअर शेतात उघडा असू शकतो. ज्या शब्दात काढण्याचे, भरण्याचे व जागा मोकळी करण्याचे कर्तव्य व्यक्त होत नाही, तो शब्द मराठीत आणण्याची घाई करू नये.

1989 मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने ठराव ए.672(16) द्वारे मार्गदर्शक तत्त्वे ठरविली. त्यांतील आकडे मुंबई हायच्या दृष्टीने मोठे बोलके आहेत. 75 मीटरांहून कमी खोल पाण्यात उभी असलेली आणि वरचा भाग वगळून 4,000 टनांहून कमी वजनाची बांधकामे पूर्णपणे काढावीत. 1 जानेवारी 1998 नंतर उभारलेल्यांसाठी ही खोलीची मर्यादा 100 मीटर. अंशतः काढलेल्याच्या माथ्यावर किमान 55 मीटर मोकळे पाणी असावे. आणि 1 जानेवारी 1998 नंतर असे एकही बांधकाम उभारू नये की जे पुढे पूर्णपणे काढता येणार नाही. मुंबई हाय येथे पाण्याची खोली सुमारे 75 मीटर आहे. म्हणजे तेथील जुने मंच नेमके रेषेवर उभे आहेत : एखादा रेषेच्या अलीकडे, एखादा पलीकडे. पंचावन्न मीटरांची अट पाळावयाची तर पंचाहत्तर मीटरांच्या पाण्यात खाली उरेल तो जेमतेम वीस मीटरांचा ठोकळा, आणि त्यासाठीही कापण्याचे व उचलण्याचे बहुतेक काम करावेच लागेल. ही तत्त्वे बंधनकारक नाहीत. खर्च अवाजवी असेल किंवा माणसांना व पर्यावरणाला धोका असेल तर किनारी राष्ट्राला सूट देता येते. तरीही अर्धवट काढण्यात आपल्या समुद्रात फारसा फायदा नाही, हे साध्या वजाबाकीने दिसते.

भारतातील नियमांचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. प्रथम जाग आली ती करखात्याच्या वाटेने. 1998 च्या वित्त कायद्याने 1961 च्या आयकर कायद्यात कलम 33एबीए घातले आणि 1999 मध्ये स्थळ पुनःस्थापन निधीची योजना झाली : तेल काढणाऱ्या कंपनीने भारतीय स्टेट बँकेतील विशिष्ट खात्यात शेवटाच्या खर्चासाठी रक्कम ठेवावी, आणि ती रक्कम किंवा त्या व्यवसायातील नफ्याचा वीस टक्के भाग, यांपैकी जे कमी असेल तेवढ्यावर कर माफ व्हावा. 2008 मध्ये समुद्रातील कामांच्या सुरक्षिततेचे नियम आले, 2018 मध्ये स्थळ पुनःस्थापनाची मार्गदर्शक तत्त्वे आली. 'पुनःस्थापन' या शब्दात 'जागा' आहे आणि तिला पूर्ववत करण्याची कल्पना आहे. म्हणून तो मला 'निवृत्ती'पेक्षा बरा वाटतो. निधीची कल्पनाही शहाणपणाची. विहीर देत असते तेव्हाच तिच्या शेवटाची पुंजी बाजूला पडली पाहिजे. आटल्यावर तिच्यासाठी पैसा कोण देणार?

या सर्व विचारांची प्रत्यक्ष कसोटी लागली ती ताप्तीच्या वायुक्षेत्रात. पन्ना, मुक्ता आणि मध्य व दक्षिण ताप्ती या क्षेत्रांचे करार डिसेंबर 1994 मध्ये झाले. भागीदार तीन : तेल व नैसर्गिक वायू महामंडळ 40 टक्के, रिलायन्स 30 टक्के आणि एन्रॉनची कंपनी 30 टक्के. एन्रॉन हे नाव महाराष्ट्राला दाभोळमुळे ठाऊक आहे. समुद्रातही ती होती, हे सहसा आठवत नाही. ताप्तीतून 1997 मध्ये वायू निघू लागला. डिसेंबर 2001 मध्ये अमेरिकेत एन्रॉनचे दिवाळे निघाले. तिचा वाटा 2002 मध्ये ब्रिटिश गॅसने घेतला. 2016 मध्ये ब्रिटिश गॅसच शेलमध्ये विलीन झाली. त्याच 2016 मध्ये ताप्तीचे उत्पादन थांबले. ज्याने मंच उभारले तो नाहीसा झाला होता, ज्याने वायू विकला तो दुसऱ्याच्या पोटात गेला होता, आणि काढण्याचे काम तिसऱ्याच्या हाती आले; तो तिसरा म्हणजे वीस वर्षांपूर्वी ब्रेंट स्पार प्रकरणी हात पोळलेली शेल कंपनी. मालक बदलले तरी कर्तव्य करारासोबत चालत आले, म्हणूनच हे काम झाले. 38 विहिरी बुजविण्यात आल्या आणि विहिरींवरील 5 मंच काढून किनाऱ्यावर आणून मोडण्यात आले. वायूवर प्रक्रिया करणारा मोठा मंच मात्र मोडला नाही. तो महामंडळाने शेजारच्या क्षेत्रासाठी वापरावयास घेतला. काम पूर्ण झाल्याचे भागीदारांनी 2025 मध्ये जाहीर केले. समुद्रातील बांधकामे अशा प्रकारे काढण्याचा भारतातील हा पहिला प्रकल्प. पहिली विहीर 1970 मध्ये आणि पहिली नीट आवराआवर 2025 मध्ये : पंचावन्न वर्षांचे अंतर.

कर्तव्य करारासोबत चालले नाही तर काय होते, याचे उदाहरण गोव्याच्या कांदोळी किनाऱ्याने बारा वर्षे पाहिले. जून 2000 मध्ये 'रिव्हर प्रिन्सेस' हे जहाज तेथे वादळात वाळूत रुतले. मालकी, खर्च, निविदा, न्यायालये यांच्या फेऱ्यांत वर्षे गेली. दरवर्षी जहाज वाळूत खोल जात राहिले, आणि जितके खोल तितके काढणे महाग. 2012 मध्ये ते काम संपले. ते तेलाचा मंच नव्हे हे खरे. पण थांबण्याचा खर्च वाळूच कशी वाढवीत नेते, हे त्यावरून कळते.

आज प्रश्न मुंबई हायचा आहे. पश्चिम किनाऱ्यालगतच्या समुद्रात महामंडळाचे दोनशेहून अधिक मंच उभे आहेत आणि त्यांतील पुष्कळांनी आपले नियोजित आयुष्य, जे सामान्यतः पंचवीस वर्षांचे धरतात, केव्हाच ओलांडले आहे. आयुष्य वाढविणे हा मार्ग अप्रतिष्ठित मानण्याचे कारण नाही. आमच्याच जिल्ह्यात 1926 सालच्या भंडारदरा धरणाला 1969 मध्ये भेगा पडल्या तेव्हा ते सोडून न देता त्याला आधारभिंतींनी बळकट करण्यात आले, आणि प्रवरेचे पाणी अजून वाहते आहे. ज्या 'सागर सम्राट'ने 1974 मध्ये तेल शोधले त्याचेही फिरत्या उत्पादनमंचात रूपांतर होऊन 2022 मध्ये ते पुन्हा कामास लागले. जानेवारी 2025 मध्ये मुंबई हायचे उत्पादन वाढविण्यासाठी ब्रिटिश कंपनी बीपी हिची दहा वर्षांसाठी तांत्रिक साहाय्यक म्हणून निवड झाली. म्हणजे शेवट आणखी पुढे गेला. माझी हरकत पुढे जाण्याला नाही. तो पुढे गेला की नियोजनही पुढे जाते, आणि सांगाडे तेवढे झिजत राहतात, याला आहे.

मंच न काढता समुद्रतळावर आडवे करून माशांसाठी कृत्रिम खडक करावेत, असाही एक पक्ष आहे. अमेरिकेत लुइझियाना राज्याने 1986 पासून हा मार्ग स्वीकारला. मेक्सिकोच्या आखाताचा तळ बहुतांशी चिखलाचा, तेथे कठीण आधार दुर्मिळ. मासे जमतात हे निर्विवाद. परंतु तेथे गळ टाकून मासे धरणाऱ्या हौशी लोकांचे हित पुढे होते. आपल्याकडे पालघरपासून रत्नागिरीपर्यंतचा कोळी ट्रॉलरची जाळी तळावरून ओढतो. मंचाभोवतीच्या पाचशे मीटरांच्या सुरक्षापट्ट्यात त्याला आजही मज्जाव आहे. मंच गेला की ते पाणी त्याला परत मिळावयाचे. खडक करून ठेवले तर ते कायमचे गेले. हा निर्णय त्याला विचारल्याशिवाय घेऊ नये, आणि विचारावयाचे तर त्याच्या भाषेत विचारावे लागेल.

त्या भाषेसाठी काही शब्द सुचवितो. महाराष्ट्र शासनाने 1960 मध्ये भाषा संचालनालय स्थापन केले, 1962 मध्ये 'पदनाम कोश' सिद्ध झाला. तेव्हापासून परिभाषेत संस्कृताकडे झुकण्याची आपली सवय आहे. 'परित्याग' हा शब्द 'ॲबन्डनमेंट'ची सावली आहे व तितकाच फसवा आहे, तो टाळावा. विहिरीसाठी 'बुजविणे', मंचासाठी 'उतरविणे', नळवाहिनीसाठी 'निकामी करून बंद करणे', आणि या सर्वांना मिळून 'आवराआवर' किंवा, कागदोपत्री भारदस्तपणाच हवा असेल तर, 'स्थळमोकळीक' म्हणावे. 'उतरविणे' हा शब्द मांडव, तंबू आणि जहाजावरील माल यांच्यासाठी आपण आजही वापरतो. चढविलेले उतरवावयाचे असते, हे त्यात गृहीतच आहे.

नगर शहराखाली निजामशाहीच्या काळातले खापरी नळ आहेत. कापूरवाडी, शेंडी, वडगाव येथील पाणी मातीच्या भाजलेल्या नळांतून शहरात खेळविले जाई. पुढे दुसरे पाणी आले, मग मुळा धरणाचे आले, आणि खापरी नळ वापरातून गेले. ते कोणी बुजविले नाहीत, काढले नाहीत, त्यांचा पूर्ण नकाशाही कोणी हाती ठेवला नाही. पायासाठी खणताना कोठे तरी खापर लागते तेव्हा शेजारचे वृद्ध सांगतात, 'नळ आहे तो, जपून.' भाजलेल्या मातीच्या नळाने कोणाचे नुकसान केले नाही. त्यातून फक्त पाणी वाहत होते.